मराठी दप्तर पीडीएफ/ए स्वरूपात जतन करताना: तयारीपासून तपासणीपर्यंत

‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केलं की दस्तऐवज जपला गेला, अशी समजूत घट्ट आहे. ती दोन ठिकाणी फसते. एक म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या संगणकावर फाइल उघडते, पण फॉण्ट आत नसल्यामुळे इतिवृत्ताच्या जागी चौकोन किंवा भलतीच रोमन अक्षरं दिसतात. दुसऱ्या ठिकाणी सगळं नीट दिसतं, छापताही येतं; फक्त ‘ठराव’ हा शब्द शोधला तर एकदाही सापडत नाही. पहिल्या दुखण्यावर पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळच्या जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार, हा नेमका उपाय आहे. दुसरं दुखणं मात्र पीडीएफ/ए केल्यावरही राहू शकतं, आणि तपासणीचं सॉफ्टवेअर त्या फायलीला बिनदिक्कत उत्तीर्ण करतं. म्हणून मराठीत काम करणाऱ्याने निर्यातीच्या बटणाआधी टंकलेखनाकडे बघायचं.

खालची पद्धत गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्तं, ट्रस्टचे लेखापरीक्षण अहवाल, वाचनालयाच्या दाखल नोंदवह्या, शाळेचं जनरल रजिस्टर, लहान नियतकालिकांचे जुने अंक अशा दप्तरासाठी आहे. लागणारी मुख्य साधनं मोफत मिळतात: लिबरऑफिस (वर्डसारखं लेखनाचं), ओसीआरमायपीडीएफ (ओसीआर करणारं, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर जोडणारं) आणि व्हेरापीडीएफ (पीडीएफ/ए तपासणारं).

## आधी प्रकार ठरवा

पीडीएफ/ए म्हणजे आयएसओ १९००५ हे मानक. त्याचा गाभा एवढाच, की पान दाखवायला लागणारं सगळं फायलीच्या आतच असलं पाहिजे: फॉण्ट, रंगांचा अर्थ सांगणारं प्रोफाइल, फायलीची माहिती. पासवर्ड, जावास्क्रिप्ट, ध्वनी, चित्रफीत आणि बाहेरून ओढून आणलेला आशय यांना मनाई आहे.

मानकाचे चार भाग आहेत. पहिला २००५ चा, दुसरा २०११ चा, तिसरा २०१२ चा आणि चौथा २०२० चा. पहिल्या भागात पारदर्शकता चालत नाही. दुसऱ्यात ती चालते, थर चालतात, जेपीईजी २००० ही चालतं. तिसऱ्यात कुठल्याही प्रकारची फाइल आत जोडता येते. चौथा पीडीएफ २.० वर आधारलेला आहे. तो स्वीकारणारी साधनं आपल्या कार्यालयांत अजून फारशी दिसत नाहीत.

भागापुढचं अक्षर पातळी सांगतं. ‘बी’ म्हणजे फक्त दिसणं टिकेल. ‘यू’ म्हणजे प्रत्येक अक्षराला युनिकोडची, म्हणजे जगभर ठरलेल्या अक्षर-क्रमांकाची, जोड आहे. ‘ए’ म्हणजे त्याशिवाय शीर्षकं, परिच्छेद, तक्ते यांची रचनाही नोंदलेली आहे.

आमचा सल्ला सरळ आहे. स्कॅनसाठी २बी. संगणकावर टंकलेल्या मजकुरासाठी २यू किंवा २ए हे लक्ष्य. मूळ एक्सेल आतच जोडायचं असेल तरच तिसरा भाग, आणि तेव्हाही हे लक्षात ठेवून, की जोडलेली फाइल पुढे उघडेल याची हमी मानक देत नाही. समोरच्या कार्यालयाने ‘१बी’ असं स्पष्ट मागितलं नसेल तर पहिल्या भागाच्या वाटेला जाऊ नका. असं का, ते टप्पा ४ मध्ये येईल.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे संदर्भासाठी उघडता आली पाहिजे आणि मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात ठेवली पाहिजे, अशी अट आहे. पीडीएफ/ए चं नाव तिथे नाही. पण अट पाळायची सोपी वाट हीच आहे.

## टप्पा १: मजकूर कोणत्या फॉण्टमध्ये आहे ते शोधा

मूळ वर्ड फाइल उघडा, एक मराठी वाक्य कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी दिसली तर मजकूर युनिकोड आहे. रोमन अक्षरांचा गुंता दिसला तर तो जुन्या फॉण्टमधला आहे.

जुन्या मराठी फॉण्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टंकलं की फायलीत प्रत्यक्षात ‘एच, के, के, जे, आर’ ही रोमन अक्षरं साठतात. फॉण्ट त्यांना ‘भारत’सारखं नुसतं दाखवतो. अशा फायलीचं पीडीएफ/ए करा: फॉण्ट आत गेला, प्रत्येक अक्षराला युनिकोडची जोड मिळाली, तपासणी पास. जोड मात्र रोमन अक्षरांची. २यू पातळी जोड आहे का एवढंच बघते, ती खरी आहे का ते बघत नाही.

सावधान: एकाच अहवालात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. मुख्य मजकूर युनिकोडमध्ये आणि मथळे, पत्रशीर्ष, तक्त्यांतले रकाने जुन्या फॉण्टमध्ये, हे फार नेहमीचं आहे. म्हणून एका वाक्यावर थांबू नका. मथळा, तक्ता, तळटीप आणि पानाची वरची पट्टी असे चार नमुने घ्या.

## टप्पा २: युनिकोडमध्ये आणा आणि शुद्ध करा

रूपांतरासाठी त्या-त्या फॉण्टचा परिवर्तक वापरा. ‘जवळपास तसाच’ फॉण्ट निवडून चालत नाही. श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या सुरेखसारखे फॉण्ट यांची अंतर्गत मांडणी वेगवेगळी आहे. एकाच कुळातल्या दोन आवृत्त्यांतही फरक सापडतो.

रूपांतरानंतर चुका ठरावीक जागी होतात: पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरातला अर्धा तुकडा, आणि अंक. अंक सगळ्यात घातक. जुन्या फॉण्टमध्ये १ ते ९ च्या जागी कधी देवनागरी अंक असत, कधी चिन्हं. ताळेबंदातली रक्कम बदलली तर वाचताना ती चूक वाटतही नाही. तक्त्यांतली प्रत्येक बेरीज पुन्हा करून मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या.

त्यानंतर शोध-बदल वापरून ही दोन रूपं एकसारखी करा:

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं असतं, तर काही ठिकाणी त्याऐवजी हिंदीतला ‘ऍ’ असतो. चंद्र जोडलेला ‘अ’ डोळ्यांना वेगळा जाणवत नाही, शोधयंत्राला जाणवतो. ‘ॲड.’ शोधणाऱ्याला अर्धे वकील सापडणारच नाहीत.

‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र. तो ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहा. काही कळफलक साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन तोच आकार काढतात. अदृश्य चिन्ह रूपांतरात गळलं, की ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो.

तपासा: लिबरऑफिसच्या शोधपट्टीत ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲ’ शोधा. पानावर डोळ्यांनी दिसतात तेवढेच सापडले तर पुढे चला.

## टप्पा ३: निर्यातीआधी मूळ फाइल नीट लावा

पीडीएफ/ए झाल्यावर दुरुस्ती करायची नसते. इथे वाचवलेला अर्धा तास पुढे अख्खा दिवस खातो.

१. फॉण्ट. मुक्त परवान्याचा युनिकोड फॉण्ट घ्या: मुक्ता, शोभिका, यशोमुद्रा, नोटो सान्स देवनागरी. प्रत्येक फॉण्टच्या आत तो दस्तऐवजात घालायची परवानगी आहे की नाही याची नोंद असते. ‘मनाई’ असेल तर पीडीएफ/ए होणं शक्य नाही.

२. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉण्ट वेगळा निवडावा लागतो. अक्षरांच्या खिडकीत ‘वेस्टर्न’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ असे दोन कप्पे आहेत. मराठीला दुसरा लागू होतो. पहिल्यातच बदल करून ‘फॉण्ट बदलतच नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

३. भाषा. त्याच कप्प्यात मजकुराची भाषा मराठी करा. शुद्धलेखन तपासणीपुरतंच याचं महत्त्व नाही. अनेक फॉण्टांत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा मराठी असेल तेव्हाच ती उमटतात. भाषा हिंदी राहिली तर जतन झालेल्या प्रतीत हिंदी वळणाचा ‘ल’ कायमचा बसतो. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हीच नोंद लागते.

४. शीर्षकांना शैली द्या. ठळक आणि मोठं केलेलं अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे. ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ लावल्याशिवाय ‘ए’ पातळीची रचना तयार होत नाही. तक्त्याची पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नोंदवा, चित्रांना आणि शिक्क्याला पर्यायी मजकूर द्या.

५. चित्रं जोडलेली नकोत, आत घातलेली हवीत. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन उघडून बघा. चित्र गायब झालं तर ते नुसतं जोडलेलं होतं.

६. फायलीची माहिती आत्ताच भरा: शीर्षक, कर्ता, विषय, कळीचे शब्द. शीर्षकात ‘डॉक्युमेंट १ फायनल नवीन’ नको; ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, २०२३-२४’ असं लिहा. निर्यातीनंतर साध्या साधनाने ही माहिती बदलली तर पीडीएफमधल्या तिच्या दोन नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होऊ शकतात, आणि पहिल्या भागाची फाइल असेल तर त्यामुळे तपासणी नापास होते.

## टप्पा ४: निर्यात

लिबरऑफिसमध्ये ‘फाइल’, त्यात ‘एक्स्पोर्ट ॲज’, मग ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’. ‘जनरल’ कप्प्यात ‘आर्कायव्हल’ची चौकट खूण करा आणि यादीतून २बी निवडा; टंकलेल्या मजकुराचं २यू चं लक्ष्य साधलं का, ते टप्पा ६ मध्ये वेगळं तपासायचं आहे. तिथेच ‘युनिव्हर्सल ॲक्सेसिबिलिटी’ची खूण केली तर शीर्षक, पर्यायी मजकूर यांतल्या उणिवा निर्यातीआधी दाखवल्या जातात. चित्रांसाठी जेपीईजीचा दर्जा ९० च्या खाली आणू नका. शिक्का किंवा सही असेल तर ‘लॉसलेस’ (चित्रातलं काहीच न गमावणारा पर्याय) घ्या.

इथे १बी निवडलं तर काय होतं ते बघा. पारदर्शकतेला मनाई असल्यामुळे लिबरऑफिस पारदर्शक वस्तू अपारदर्शक करून रंगवतो. पानामागे फिकट ‘सत्यप्रत’ असा जलचिन्हासारखा शब्द असेल तर तो गडद होतो आणि मजकुरावर आलेला असेल तर मजकूर झाकतो. सहीच्या चित्राची पारदर्शक पार्श्वभूमीही याच कचाट्यात सापडते. सूचना येते खरी, पण ‘ओके’ दाबायची सवय जुनी असते.

वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’, प्रकार पीडीएफ, मग ‘ऑप्शन्स’मध्ये ‘पीडीएफ/ए कंप्लायंट’ची खूण. त्याच खिडकीत रचनेचे टॅग ठेवण्याची खूण शाबूत आहे ना, बघा. वर्डच्या आवृत्तीनुसार बाहेर पडणारा भाग वेगळा असतो, तो तपासणीत कळेल. तिथेच ‘फॉण्ट घालता येत नसेल तर मजकुराचं बिटमॅप करा’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो आणि तो बहुधा आधीपासून चालू असतो. तो बंद करा. चालू राहिला तर मनाई असलेल्या फॉण्टमधला मजकूर गुपचूप चित्र होतो. पान छान दिसतं आणि शोध मरतो.

सावधान: ‘प्रिंट’ करून पीडीएफ काढू नका. छपाईच्या मार्गाने पाठवलेल्या पानातून शीर्षकांची रचना, दुवे, भाषा, फायलीची माहिती, सगळं निघून जातं. उरतं ते फक्त चित्रण. त्यावर नंतर पीडीएफ/ए चा शिक्का मारता येतो, गेलेलं परत येत नाही.

डीटीपीकडून आलेल्या कामाचं गणित वेगळं. प्रेसला फाइल देताना ‘कर्व्ह करून पाठवा’ हा शिरस्ता आहे. फॉण्टचा घोळ टळावा म्हणून अक्षरांच्या बाह्यरेषा काढल्या जातात. छपाईला ते योग्यच. जतनाला ती फाइल निरुपयोगी, कारण तिच्यात एकही अक्षर शिल्लक नसतं. दिवाळी अंकाची किंवा स्मरणिकेची प्रत मागताना ‘कर्व्ह न केलेली’ असं लेखी मागा, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी. कोरलड्रॉमध्ये जतनासाठीचा तयार पीडीएफ पर्याय १बी देतो; तो घेताना मजकूर कर्व्ह करण्याची खूण काढलेली हवी. इनडिझाइन पीडीएफ/ए थेट काढत नाही. तिथे देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावून पीडीएफ काढायचं आणि ॲक्रोबॅट प्रोच्या ‘प्रीफ्लाइट’मधून २बी करायचं. छपाईच्या चार रंगांतली चित्रं आणि पडद्याच्या तीन रंगांतली चित्रं एकाच अंकात मिसळली असतील तर तपासणी बहुधा इथेच अडते. प्रीफ्लाइटमध्ये सगळं एसआरजीबीकडे, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांच्या ठरलेल्या पद्धतीकडे, वळवणारा पर्याय निवडा.

## टप्पा ५: कागदी दप्तर

टंकलेल्या फायलीच असतील तर हा टप्पा सोडा.

स्कॅनची किमान घनता ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० बिंदू. बारीक छपाई, टंकयंत्राच्या कार्बन प्रती, समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी यांना ४००. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचं होतं. कच्च्या स्वरूपात ते करड्या छटांत सुमारे ८.७ एमबी, रंगीत असेल तर २६ एमबी. म्हणून संक्षेप लागतोच, प्रश्न कुठला एवढाच.

काळं-पांढरं स्कॅन टाळा. देवनागरीत अनुस्वार हा एक ठिपका आहे. फिकट शाईचं पान दोनच छटांत स्कॅन केलं, त्यावर स्कॅनरची ‘ठिपके काढा’ सोय चालवली, की धुळीबरोबर अनुस्वारही जातो. आणि रकमेतला दशांशबिंदूही. करड्या छटा ठेवा. निळी सही, जांभळा शिक्का, लाल शेरा असेल तर रंगीत.

दुसरा धोका जेबीआयजी२ या संक्षेपाच्या नुकसान करणाऱ्या पद्धतीचा. ती सारखे दिसणारे आकार शोधते आणि एकाच्या जागी दुसरा ठेवते. २०१३ साली काही कार्यालयीन स्कॅनर-कॉपियरमध्ये याच कारणाने ६ चे ८ झालेले उघडकीस आले. पान स्वच्छ, आकडे चुकीचे. आपल्याकडच्या यंत्रात ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ किंवा ‘हाय कॉम्प्रेशन’ अशी सोय असेल तर ती बंद ठेवा. करड्या छटांतलं पान बऱ्या दर्जाच्या जेपीईजीत साधारण अर्धा ते एक एमबी होतं, तेवढं परवडतं.

मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि तिथून पीडीएफ करायचं, हा मार्ग सोपा वाटतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. अगदीच इलाज नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

ओसीआरचा क्रम असा:

१. पानं एकत्र करा, उलटी-सुलटी तपासा, कोरी पानं ठेवायची की नाही ते ठरवा. नोंदवहीत कोरं पानही पुरावा असतो, ठेवा.

२. ओसीआरमायपीडीएफमध्ये मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा द्या. नुसती हिंदी दिली तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ चुकण्याची शक्यता वाढते. तिरकं पान सरळ करणारा आणि पान फिरवणारा पर्याय लावा.

३. बाहेर पडणाऱ्या फायलीचा (आउटपुट) प्रकार २बी ठेवा. पानावर स्कॅनचंच चित्र दिसतं, त्याच्या जोडीला अदृश्य मजकुराचा थर बसतो.

४. टंकलेली आणि स्कॅन केलेली पानं एकाच फायलीत असतील तर ‘आधीच मजकूर असलेली पानं वगळा’ हा पर्याय निवडा. ‘सक्तीने ओसीआर’ निवडलं तर चांगल्या पानांचंही चित्र होतं.

मोडीतल्या कागदांवर मराठीचा ओसीआर चालवू नका. यंत्र मोडीला देवनागरी समजून अक्षरांचा कचरा त्या अदृश्य थरात भरतं, आणि तोच पुढे शोधात येतो. त्याऐवजी गाव, व्यक्ती, साल, कागदाचा प्रकार हे कळीच्या शब्दांत हाताने भरा.

## टप्पा ६: दोन तपासण्या, एक यंत्राची आणि एक डोळ्यांची

ॲडोबी रीडरमध्ये वर निळी पट्टी येते, ‘ही फाइल पीडीएफ/ए असल्याचा दावा करते’ अशा अर्थाची. ती पट्टी फक्त दावा वाचते. दावा म्हणजे फायलीतली एक नोंद; ती कुणीही लिहू शकतं.

यंत्राची तपासणी व्हेरापीडीएफने करा. ते चालायला जावा लागतं. अख्खा फोल्डर एकदम देता येतो. निकालात नियमाचा क्रमांक येतो. दुसऱ्या भागात वारंवार भेटणारे हे:

६.२.११.४.१: फॉण्ट आत नाही. मूळ फायलीकडे परत जा. रीडरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘फॉण्ट्स’ यादीत ज्याच्यापुढे ‘एम्बेडेड’ नाही, तो गुन्हेगार. बऱ्याचदा तो एखाद्या रिकाम्या ओळीतला किंवा पानक्रमांकातला असतो.

६.२.४.३: रंगाचं प्रोफाइल नाही किंवा जुळत नाही. बहुधा एखादं चित्र चार रंगांतलं निघतं.

६.१.३: फायलीच्या शेवटी असणाऱ्या नोंदीतली (‘ट्रेलर’) चूक, बहुतेक वेळा फायलीला पासवर्ड आहे.

६.२.११.५: फॉण्टमधली अक्षरांची रुंदी आणि पीडीएफमध्ये नोंदलेली रुंदी जुळत नाही. फॉण्टची प्रत सदोष असते, तो बदला.

टंकलेल्या फायलीसाठी आणखी एक फेरी करा. २बी म्हणून पास झालेली फाइल २यू ची नियमावली हाताने निवडून पुन्हा तपासा. पातळीच्या नोंदीबद्दलची एक चूक येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. ६.२.११.७.२ आली तर मात्र काही अक्षरांना युनिकोडची जोड नाही, असा अर्थ.

आता डोळ्यांची. कसोटीचे शब्द ठरवून ठेवा: निर्मिती, कर्म, दुसऱ्या, वाङ्मय, क्षेत्रफळ, ॲड. आपल्या दस्तऐवजातले असेच शब्द पीडीएफमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा.

‘निर्मिती’ची पहिली वेलांटी ‘न’च्या आधी सुटी पडली किंवा ‘कर्म’चा ‘कमर्’ झाला, तर फॉण्ट युनिकोड असूनही मजकूर मोडलेला आहे. कारण असं: पीडीएफमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने नसतात, ती रेखाटण्याच्या क्रमाने असतात. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी येते, रफार व्यंजनानंतर चढतो. निर्यात करणाऱ्या सॉफ्टवेअरने सोबत ‘हा तुकडा प्रत्यक्षात असा वाचायचा’ ही नोंद लिहिली नाही, तर कॉपी करताना आकारांचा क्रम हाती लागतो. व्हेरापीडीएफला यात काही वावगं वाटत नाही, कारण प्रत्येक आकाराला जोड आहे.

उपाय याच क्रमाने करून बघा. आधी छपाईऐवजी निर्यातीचा मार्ग वापरला होता ना, ते पाहा. मग लिबरऑफिसमधून काढा. तो ही जादा नोंद लिहितो. मग फॉण्ट बदला. तरीही जमत नसेल तर २बी प्रत दिसण्यापुरती माना आणि मूळ ओडीटी (लिबरऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपातली) फाइल तिच्या शेजारी, त्याच नावाने ठेवा. पानांचं चित्र करून ओसीआर हा शेवटचा पर्याय. त्यात अक्षरांची धार जाते आणि ओसीआरच्या चुका पदरात पडतात.

तपासा: वीस पानांमागे किमान तीन पानं, त्यांत एक तक्त्याचं. प्रत्येकावर चारशे टक्के मोठं करून शिक्का, सही आणि अनुस्वार बघा.

## टप्पा ७: स्वाक्षरी सगळ्यात शेवटी

डिजिटल स्वाक्षरी फायलीच्या बाइटांवर केलेली असते. स्वाक्षरीनंतर पीडीएफ/ए केलं, पानक्रमांक घातले, आकार कमी केला, दोन फायली जोडल्या, काहीही केलं तरी ती बाद होते. म्हणून क्रम ठरलेला: जोडणी, ओसीआर, माहिती, पीडीएफ/ए, तपासणी, मग स्वाक्षरी.

आणि स्वाक्षरीनंतर पुन्हा एकदा व्हेरापीडीएफ. पानावर दिसणाऱ्या स्वाक्षरीच्या चौकटीत नाव आणि तारीख लिहिताना कित्येक साधनं फॉण्ट आत घालत नाहीत, आणि तोवर शुद्ध असलेली फाइल त्या एका चौकटीमुळे नापास होते. साधनात फॉण्ट घालण्याची सोय नसेल तर अदृश्य स्वाक्षरी करा.

बाहेरून स्वाक्षरीसह आलेली फाइल, उदाहरणार्थ डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, जशी आली तशीच ठेवा. तिचं पीडीएफ/ए करायचं असेल तर ती वेगळी, वाचनाची प्रत. ई-आधार किंवा बँकेचं विवरण पासवर्डसह येतं. पासवर्ड काढल्यावर फाइल नव्याने लिहिली जाते आणि आतली स्वाक्षरी तुटते. तिथेही दोन प्रती ठेवा: मूळ, आणि पासवर्ड नसलेली पीडीएफ/ए. मूळ प्रतीचा पासवर्ड कुठे नोंदवला आहे, हे दप्तराच्या यादीत लिहून ठेवा.

## टप्पा ८: नाव, ठसा आणि प्रती

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय ठेवा, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरुवातीला. आपल्या सवयीच्या दिवस-महिना-वर्ष क्रमाने यादी लावली तर सगळ्या महिन्यांच्या आणि वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. मराठी नावं आज चालतात, पण जुन्या झिप साधनांतून बाहेर येताना बिघडतात. मराठी शीर्षक फायलीच्या आत आहेच.

प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने निघणारी ओळखखूण, काढा. विंडोजमध्ये पॉवरशेलची ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा तोच देते. चौसष्ट चिन्हांची ती ओळ साध्या मजकूर फायलीत फाइलच्या नावापुढे ठेवा. एक बाइट जरी बदलला तरी ठसा वेगळा येतो.

प्रती तीन: एक कार्यालयाच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ही प्रत नव्हे, ती वाहतूक.

सरकारी पोर्टलवर आकाराची मर्यादा असते आणि तिथे पोचल्यावर ऐनवेळी ऑनलाइन कॉम्प्रेसर शोधला जातो. तो पीडीएफ/ए मोडतो, चित्रं खराब करतो आणि दस्तऐवज अनोळखी सर्व्हरवर जातो तो वेगळाच. जोडण्यासाठीची लहान प्रत मूळ फायलीतून स्वतंत्र काढा, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्या नावाला ‘अपलोड’ असं शेपूट लावा. जतनाच्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी ठेवली तर चुकून बदल होण्याचा प्रश्न उरत नाही.

वर्षातून एकदा, लेखापरीक्षणाच्या वेळी म्हटलं तर लक्षात राहतं, तिन्ही प्रतींचे ठसे पुन्हा काढून नोंदीशी ताडा. एखादा जुळला नाही तर ती फाइल उघडून ‘दुरुस्त’ करत बसू नका. ठसा जुळणाऱ्या दोन प्रतींपैकी एक तिच्या जागी ठेवा, आणि त्या डिस्कवरच्या बाकीच्या फायलीही त्याच दिवशी तपासा.